एक हात पुढे, एक मागे

गिरजे,

परवा लातूरला तुझे घर उघडले तेव्हा सायकल पडवीतच होती. पुढच्या सांगाड्याखाली, चाकाच्या दोन्ही बाजूंना, आपल्या त्याच विटा होत्या आणि चाक जमिनीपासून बोटभर अधांतरी होते. मी सवयीने उजव्या मुठीला धक्का दिला. दवाखान्यात जाण्याआधी साखळीला तू तेल घातले असावेस; आवाज आला नाही. चाक बराच वेळ फिरले. थांबले तेव्हा उजवी मूठ पुढे होती आणि डावी मागे. म्हणजे आपला वाद जिथे सोडला होता तिथेच होता.

भेटायला येणारे लोक चांगले बोलून जातात. गिरिजाबाई हसतमुख होत्या, सोशिक होत्या, देवमाणूस होत्या. मी ऐकून घेतो. तू हसतमुख नव्हतीस. तुझ्या नुसत्या खाकरण्याने दहावीचा वर्ग गप्प बसत असे. चुकलेले गणित फळ्यावर तसेच ठेवून तू म्हणायचीस, हे कुणाचं आहे ते मी सांगणार नाही, पण त्याला कळलंय. देवमाणूस हा शब्द तू ऐकला असतास तर त्या गृहस्थाला चहा न विचारताच वाटेला लावले असतेस.

या लोकांशी मला बोलायचे नाही. बोलायचे आहे ते तुझ्याशी, आणि विषय एकच. सायकलीच्या मुठी फिरवताना दोन्ही हात एकत्र असावेत, की एकाआड एक?

सुरुवात मुरुडपासून करावी लागेल. वडिलांचे कापडाचे दुकान तिथे होते. तुझे पाय तापात गेले तेव्हा तू भिंतीला धरून उभी राहू लागली होतीस. पाऊल अजून टाकले नव्हतेस. पुढे शाळेचे वय झाले आणि तुला नेण्याचे काम माझ्याकडे आले. तू माझ्या मानेभोवती हात आवळायचीस. तुझे वजन पेलण्यासाठी मी दोन्ही हात मागे नेऊन बोटे एकमेकांत अडकवत असे. तू पाठीवरून रस्त्यातल्या सगळ्यांना हाका मारायचीस आणि मी मान खाली घालून चालायचो. वाणसामानाच्या दुकानातले काका म्हणायचे, "नंदीवर बसून शाळंला निघाली का गं?" तू म्हणायचीस, हाव.

मग वडिलांनी लातूरच्या मिस्त्रीकडून तुझ्यासाठी तीनचाकी करून घेतली. मिस्त्रीने एका जुन्या सायकलीचा पायडलांचा सांगाडा काढला, तुझ्या छातीसमोर वर नेऊन जोडला आणि पायडलांच्या जागी लाकडी मुठी बसवल्या. पायाच्या सायकलीत एक पायडल वर असते तेव्हा दुसरे खाली असते. तुझ्या मुठीही तशाच राहिल्या. कोणी विचार करून तसे केले नव्हते. पायांसाठी केलेली मांडणी हातांच्या वाट्याला आली, एवढेच.

त्या सायकलीची खोड मला पहिल्याच दिवशी दिसली. मुठी आणि पुढचे चाक एकाच खांबावर होते. उजव्या हाताने जोर दिला की चाक थोडे डावीकडे जाई; डाव्याने दिला की उजवीकडे. मुरुडच्या मातीत तुझ्या चाकाची रेघ नागमोडी उमटत असे. आईने तुला बोलावून आणायला सांगितले की मी हाका मारत नसे. दाराबाहेर येऊन रेघ पाहायचो. ती बाजाराकडे वळली आहे की मठाकडे, ते कळायचे. गावात इतर सायकली होत्या, बैलगाड्या होत्या. तशी रेघ दुसरी नव्हती. तिच्या मागोमाग गेलो की टोकाला तू असायचीस.

पुढे मी नांदेडला शरीररचनाशास्त्र शिकवू लागलो आणि तू लातूरच्या शाळेत गणित. मृत देहांवर शिकवणाऱ्या माणसाच्या बोटांखाली काम करणारा स्नायू क्वचित येतो. माझ्या बोटांखाली आला तो तुझा. सुट्टीत मी लातूरला आलो की आपण सायकलीचा पुढचा सांगाडा विटांवर चढवून चाक अधांतरी करायचो. तू मुठी सावकाश फिरवायचीस आणि मी तुझ्या खांद्यावर, दंडावर, पाठीवर बोटे ठेवून कोणता स्नायू कुठे ताठ होतो ते तपासायचो. मुठीच्या फेऱ्याला मी घड्याळाची तबकडी मानले होते. सर्वांत वर बारा. छातीपासून सर्वांत दूर तीन. तळाशी सहा. छातीजवळ नऊ.

तुला हे सारे पाठ होते. तरी एकदा सलग लिहून ठेवतो.

बारापासून तीनपर्यंत मूठ पुढे ढकलली जाते. ते काम छातीच्या रुंद स्नायूचे, खांद्याच्या पुढच्या भागाचे आणि दंडामागच्या ट्रायसेप्सचे. तीनपासून सहापर्यंत मूठ खाली दाबायची असते. तिथे पाठीचा रुंद स्नायू काखेखालून ताठ होतो. सहापासून नऊपर्यंत ती छातीकडे ओढली जाते, आणि बायसेप्स, खांद्याची मागची बाजू व दोन्ही फऱ्यांमधली पाठ एकत्र येतात. नऊ ते बारा हा चढ. तिथे हाताला मुठीबरोबर स्वतःचेही वजन उचलावे लागते. मानेपासून खांद्यावर उतरणारा स्नायू तो चढ सांभाळतो, आणि सर्वांत आधी थकतो तोही तोच.

मी हे मोठ्याने बोलत असताना तू मध्येच विचारायचीस, "अण्णा, किती वाजले?" मी गंभीरपणे साडेसात म्हणायचो, कारण बोटाखाली बायसेप्स नुकताच उठलेला असे. साडेसातला मला चहा लागतो, असे म्हणून तू मुठी सोडून द्यायचीस. पुढे फोनवरसुद्धा तू खांद्याची तक्रार याच हिशेबाने करू लागलीस. आज दहाला दुखतंय, म्हणायचीस. तुझी शेजारीण रोज दहाच्या सुमारास तेलाची वाटी घेऊन येते आणि तिला कसे समजवावे ते कळत नाही, हेही तूच सांगितलेस. शेवटी समजावले नाहीस. तेल चांगले होते म्हणालीस.

मी विद्यार्थ्यांना सांगत असे की पायांना मांडीचे आणि नितंबाचे स्नायू मिळालेले आहेत. शरीराचा भार वाहण्यासाठीच ते घडले. हाताला असे कोणी नाही. हाताचे स्नायू धरण्यासाठी, फेकण्यासाठी, पुसण्यासाठी आहेत. सांध्याचेही तसेच. खुबा खोल वाटीत बसतो; खांदा बशीत ठेवल्यासारखा असतो, म्हणून तो इतका फिरतो आणि म्हणूनच लवकर बिघडतो. वर्गात मी एवढेच सांगायचो. त्या बशीच्या भरवशावर माझ्या बहिणीने शाळा, बाजार, दवाखाना आणि पाण्याच्या टँकरची रांग सांभाळली, हे कधी सांगितले नाही. विषय सोडून बोलण्याची मला सवय नव्हती.

तू निवृत्त झालीस त्या वर्षी नवी सायकल आली. ठेंगणी, गिअरची, पाठीला कलता टेकू असलेली. तिच्या मुठी शेजारी शेजारी होत्या. दोन्ही हात एकत्र पुढे जात, एकत्र मागे येत. मला बरे वाटले. जे मी इतकी वर्षे सांगत होतो ते सायकल करणाऱ्यांनाही ठाऊक होते. तू काही दिवस ती तशी चालवलीस. पुढच्या खेपेस मी आलो तर डावी मूठ खाली गेलेली होती.

कोणी बदलले, असे मी विचारले. मिस्त्रीने, तू म्हणालीस, आणि मी सांगितलं म्हणून. मग आपण जेवण थंड होईपर्यंत भांडलो.

माझे म्हणणे साधे होते. हात एकाआड एक चालले की प्रत्येक जोराला चाक भरकटते आणि ते सरळ ठेवण्यात मेहनतीचा एक वाटा वाया जातो. शिवाय धड डोलते. एक खांदा पुढे, एक मागे. कंबरेतून पीळ पडतो आणि पोटाच्या तिरक्या स्नायूंना तो प्रत्येक फेऱ्यात आवरावा लागतो. दोन्ही हात एकत्र असले की पाठ टेकूला लागून राहते, चाक सरळ जाते, आणि सगळा जोर रस्त्याच्या कामी येतो. तुझा उजवा खांदा आधीच कुरकुरत होता. त्याला वाचवण्याचा हा एक मार्ग होता.

तुझेही उत्तर तयार होते. दोन्ही हात एकत्र असले तर दोन्ही एकाच वेळी चढावर जातात आणि एकाच वेळी दमतात. "मग त्या वेळी सायकल कोण ओढणार, अण्णा? तू?" एकाआड एक असले की एक हात चढतो तेव्हा दुसरा ढकलत असतो, जोर तुटत नाही. हा मुद्दा खोटा नव्हता आणि मी तसे म्हणालो. पण जमाखर्च मांडला तर माझे पारडे जड होते. तू गणिताची शिक्षिका. तुला ते दिसत नव्हते असे मला कधीच वाटले नाही. म्हणूनच राग येत असे.

"डोलते तर डोलू दे की," असे म्हणून तू भाकरी मोडलीस.

त्या दिवशी निघताना मी अंगणातून फाटकाकडे चाललो होतो. हात मागे, बोटे अडकवलेली, माझे नेहमीचे चालणे. पडवीतून तुझा आवाज आला.

"अण्णा, हात सोड."

मी वळून पाहिले.

"मी उतरले तुझ्या पाठीवरून. कधीच उतरले. हात सोड आता."

मी फाटक उघडले. बसची वेळ झाली होती.

मुरुडचे तू पुढच्या वर्षी काढलेस. लातूरपासून मुरुडपर्यंत, स्वतःच्या हातांनी, एकदा जायचे होते तुला. दुकान आता आपले नाही, घरात दुसरे लोक राहतात. तिथे जाऊन काय करणार, असे मी विचारले. चहा पिईन आणि टेम्पोने परत येईन, म्हणालीस. मी अट घातली. मुठी एकत्र करून घे, मग जा. मी सोबत येतो. तू म्हणालीस की माझ्या अटीवर गेलीस तर ते माझे जाणे होईल. त्यानंतर फोनवर आपण पावसाबद्दल बोललो, तुरीबद्दल बोललो, माझ्या मोतीबिंदूबद्दल बोललो. मुरुडबद्दल तूही बोलली नाहीस आणि मीही नाही. अट घातल्याचा मला पश्चात्ताप नाही. त्या रस्त्याला तुझा खांदा पुरला नसता. आज विचारलेस तरी तीच घालीन. पण तू विचारावेस, असे मात्र फार वाटते.

आपल्या लिंगायतांत समाधी बसवून देतात. जंगमांनी सांगितल्याप्रमाणे सगळे झाले. आयुष्यभर बसून होतीस आणि गेलीसही बसूनच. जमलेल्यांपैकी कोणाला त्यात काही वाटले नसेल. सगळ्यांनाच तसे बसवतात. माझ्या मनात आले की या एका बाबतीत तरी सगळे तुझ्यासारखे जातात. डाव्या तळहातावर लिंग ठेवले, त्याखाली उजवा हात. दोन्ही हात समोर, शेजारी शेजारी, स्थिर. तुझे हात असे एकत्र मी याआधी पाहिले नव्हते. मी नजर काढून घेतली. भस्म लावताना कोणीतरी मला पुढे ढकलले, तेव्हा पुन्हा पाहावे लागले.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तू मला एकच काम सांगितलेस. सायकल मुरुडला महानंदाला द्यायची. आणि मिस्त्रीकडून नाही, मी स्वतः नेऊन बसवून द्यायची. महानंदा म्हणजे तुझी जुनी विद्यार्थिनी, लग्न होऊन मुरुडला गेलेली. घराच्या माळवदावर कुरडया वाळवताना वरून खाली पडली आणि पाठीचा कणा दुखावला. छातीखाली शक्ती राहिली नाही. ती शेवया करते. आठवडी बाजारात त्या विकायला ज्या दिवशी दीर मोकळा असेल त्या दिवशीच तिला जाता येते, नाहीतर शेवया घरात पडून राहतात. हे सगळे तू धाप लागत असताना सांगितलेस. मी बोलू नकोस म्हणालो. तू म्हणालीस, मग तू कबूल कर. मी कबूल केले.

म्हणून परवा निघालो. नांदेडहून येताना लोह्याला बस थांबली. तिथून मी नेहमी फोन करत असे. मी म्हणायचो, लोह्यात आहे. तू म्हणायचीस, बरं. एवढेच बोलणे. त्या हिशेबाने तू पीठ मळायला घ्यायचीस आणि मी दारात पोहोचलो की तवा तापलेला असे. परवाही मी उतरलो, चहा घेतला, फोन काढला आणि पुन्हा खिशात ठेवला. तुझ्या घराची किल्ली त्याच खिशात होती. दोन्हींचा एकमेकांवर आपटून आवाज होत राहिला, म्हणून किल्ली पिशवीत टाकली.

पडवीत चाक फिरवून झाल्यावर मी एक गोष्ट केली. इतकी वर्षे मी तुझा प्रत्येक स्नायू तपासला. त्या सायकलीत कधी बसलो नव्हतो. परवा बसलो. या वयात इतके खाली बसणे सोपे नव्हते. बैठक तुझ्या अंगाच्या मापाची होती. मला ती अडचणीची झाली. पाय कुठे ठेवावेत ते कळेना. मी मुठी धरल्या आणि फिरवू लागलो. उजवा खांदा पुढे, डावा मागे. डावा पुढे, उजवा मागे. कंबरेतून पीळ पडू लागला, मी म्हणत होतो तसाच. पुढचे चाक विटांमध्ये इकडेतिकडे हलले, मी म्हणत होतो तसेच. आणि माझे पाय आपोआप, एकाआड एक, जागच्या जागी हलू लागले. मी ते थांबवले. मुठी पुन्हा फिरवल्या. ते पुन्हा हलले. मनुष्य चालतो तेव्हा त्याचे हात असेच चालतात, हे मी वर्गात किती वेळा सांगितले असेल. सायकलीच्या संदर्भात ते माझ्या कधी लक्षात आले नव्हते, किंवा ते संदर्भाबाहेरचे आहे असे मी धरून चाललो होतो.

मुठी एकत्र करण्यासाठी पान्हा बरोबर आणला होता. महानंदाची प्रकृती ऐकल्यावर मुठी एकत्रच हव्यात हे मला नांदेडलाच स्पष्ट होते. मी पान्हा पिशवीतून काढला नाही. त्याला शास्त्रीय कारण नव्हते. मुरुडच्या मातीत ती रेघ आणखी काही वर्षे उमटावी, असे मनात आले आणि मी ते मनातून काढून टाकले नाही.

ज्या रस्त्याने तुला जायचे होते त्याच रस्त्याने तुझी सायकल टेम्पोत आडवी पडून गेली. मी चालकाशेजारी बसून चढ पाहत होतो. चढ पुष्कळ आहेत. तुझा खांदा पुरला नसता, हे माझे म्हणणे बरोबर होते. सोबत जायला मात्र रस्ता चांगला होता. कडेने बाभळी आहेत, दोन ठिकाणी चहा मिळतो.

महानंदाच्या अंगणात खाटेवर शेवया वाळत होत्या. घरी ती, सासू आणि नवरा होता. नवऱ्याने तिला उचलून सायकलीत बसवले. मी छातीचा पट्टा आवळला, टेकू सरळ केला आणि चालव म्हणालो. तिने उजव्या मुठीला जोर दिला. त्यासरशी तिचे धड डावीकडे कलले आणि चाक वळून खाटेच्या पायाला धडकले. शेवया हलल्या. तिने डाव्या हाताने सावरायचा प्रयत्न केला तर ती उजवीकडे गेली. तुझे पोट आणि कंबर शाबूत होती; तू तो पीळ आवरत होतीस आणि त्यालाच मी डोलणे म्हणत होतो. तिच्याजवळ आवरायला काही नव्हते. सासू म्हणाली, "बसून खाणारीला बसून पडायची हौस आली." महानंदा हसली. पण मुठीवरचे हात तिने काढून मांडीवर ठेवले होते, आणि बाजाराचा रस्ता त्या अंगणाच्या दारातूनच जात होता.

मग ती म्हणाली, "सर, रागावू नका. पण बाईंनी मला सांगितलं होतं."

"काय?"

"अण्णा सायकल घेऊन येतील. त्यांना म्हण, दोन्ही हात एकत्र लावून द्या. अण्णांचंच बरोबर हाय म्हणाल्या. मी चालवते तशी तू चालवू नको म्हणाल्या."

मी विचारले, मग स्वतःची का बदलली नाही?

"मी बी तेच विचारलं की. तर म्हणाल्या, तुला पोचायचं हाय. मला चालायचं हाय."

 तिचा नवरा खाट बाजूला ओढत होता, तो थांबला. आधी का सांगितले नाहीस, असे मी महानंदाला विचारले.

"तुम्ही लई जपून आणली, सर. ती अशीच ठेवायची असंल तुमच्या मनात, असं वाटलं."

मी पिशवीतून पान्हा काढला.

काम अवघड नाही, तू मिस्त्रीला करताना पाहिले आहेस. डाव्या दांड्याचा बोल्ट सोडवायचा, दांडा चौकोनी आसावरून ओढून काढायचा, अर्धा फेरा फिरवून परत ठोकायचा. मला वेळ लागला. बोल्ट फार घट्ट होता. तूच तसा करून घेतला असशील. नवऱ्याने पान्हा मागितला, मी दिला नाही. शेवटी दांडा सुटला आणि डावी मूठ माझ्या हातात आली. तिचे रबर अंगठ्याच्या बाजूला झिजून गुळगुळीत झाले आहे. मी ती थोडा वेळ धरून ठेवली. मग उजव्या मुठीशेजारी आणून बसवली.

बैठक पुढे घेतली. मुठी तीनवर असताना कोपर किंचित वाकलेले राहते की नाही ते पाहिले. नऊवर मनगट मुडपत नाही ना, ते पाहिले. मग बाजूला झालो. तिने जोर दिला. दोन्ही हात एकत्र पुढे गेले, पाठ टेकूला लागलेली राहिली आणि सायकल अंगणातून सरळ दाराबाहेर पडली. सासू ओरडली, "अगं थांब, पदर चाकात जाईल." महानंदा थांबली नाही. पदर तिने पुढच्या चौकात जाऊन खोचला, तेही दीर तिथे मित्रांबरोबर उभा होता त्याच्यासमोर. परत आल्यावर तिला काही विचारावे लागले नाही. तिने नवऱ्याला एवढेच म्हटले की बाजारादिवशी शेवयांचा डबा मागे बांधून दे.

गिरजे, वाद मी जिंकलो. तू मान्य केले होतेस आणि मला सांगितले नाहीस. कधी मान्य केलेस, पहिल्या दिवसापासून की खांदा दुखू लागल्यावर, ते आता कळायचे नाही. ही बातमी ज्या माणसाला सांगून त्याचे तोंड पाहावे असे माणूस एकच होते.

त्यांनी जेवून जा म्हटले. मी शेवयांची खीर घेतली आणि निघालो. दाराबाहेर मातीत सायकलीच्या चाकाची रेघ होती. सरळ होती. चौकापर्यंत एका ओळीत गेलेली, वळून तशीच आलेली. काम चोख झाले होते. मी ती रेघ पाहत उभा राहिलो, आणि लहानपणी आईने पाठवल्यावर दाराबाहेर येऊन जशी नजर फिरवत असे तशी फिरवली. बाजाराकडे. मठाकडे. शाळेच्या रस्त्याकडे.

मग स्टँडकडे चालू लागलो. थोडे अंतर गेल्यावर लक्षात आले की हात मागे आहेत आणि बोटे एकमेकांत अडकलेली आहेत. तुझे वजन पेलायला अडकवायचो तशीच. मी ती सोडवली. हात काही वेळ नुसते लोंबत राहिले. त्यांना काय करायचे ते आठवत नव्हते. मग उजवे पाऊल पडले तेव्हा डावा हात पुढे गेला. डाव्या पावलाबरोबर उजवा. खांदे किंचित फिरू लागले, कंबर किंचित वळू लागली.

सायकलीच्या बाबतीत माझे मत कायम आहे. स्टँडपर्यंत मी तसाच चाललो.